आठ हजारच का? दूरसंचार शिकणाऱ्यांचे प्रश्न

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं नोकरी करून मी निवृत्त झाले. आता ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरी संध्याकाळी इंजिनियरिंगची चार-पाच मुलं वह्या घेऊन येतात. या सदरासाठी या वेळी आलेली पत्रंही बहुतेक अशाच मुलांची आहेत. सगळ्यांना जागा देता आली नाही. ज्या प्रश्नांमागे खरी अडचण दिसली ते घेतले आहेत.

प्रश्न : तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "फोनवरचा आवाज ३४०० हर्ट्झपर्यंत असतो, नायक्विस्टच्या नियमाने (सर्वांत वरच्या फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट) आवाजाचे सेकंदाला ६८०० नमुने पुरतात, मग आपण ८००० का घेतो?" मी म्हणाले, "तसं स्टँडर्ड आहे." सर म्हणाले, "कुणी ठरवलं?" मला काहीच सांगता आलं नाही. (तिसरं वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन, ऐरोली)

तुझ्या सरांनी फार चांगला प्रश्न विचारला. आपल्या विषयातला प्रत्येक आकडा कुणीतरी, कशाशी तरी तडजोड करून ठरवलेला असतो. ती तडजोड कळली की आकडा पाठ करावा लागत नाही.

नायक्विस्टचा नियम नीट वाच. ३४०० हर्ट्झच्या वर काहीही नसेल, तर ६८०० नमुने पुरतात. सगळी गोम त्या 'काहीही नसेल' मध्ये आहे. माणसाच्या आवाजात त्याच्या वरचंही बरंच असतं, ते आपल्याला फिल्टर लावून काढावं लागतं. आणि फिल्टर भिंतीसारखा सरळ उभा नसतो. त्याला उतार असतो. ६८०० नमुने घेतलेस तर ३४०१ हर्ट्झचा सूर दुमडून ३३९९ वर येऊन बसेल. म्हणजे फिल्टरला उतरायला एका हर्ट्झचीही जागा नाही. ८००० घेतलेस तर दुमडण्याची रेघ ४००० वर जाते. आता ४६०० हर्ट्झचा सूर दुमडून ३४०० वर येतो, त्यामुळे ३४०० पासून ४६०० पर्यंत बाराशे हर्ट्झ उतरायला मिळतात. एवढ्या जागेत बसणारा फिल्टर परवडणाऱ्या किमतीत बनवता येतो. दुमडणं म्हणजे काय ते एकदा हातानं करून बघ. ५००० हर्ट्झचा सूर सेकंदाला ८००० वेळा टिपला तर तो ३००० हर्ट्झच्या सुरासारखाच दिसतो. कागदावर बिंदू मांडलेस की पाच मिनिटांत पटेल, आणि मग 'एलियासिंग' हा शब्द विसरणार नाहीस.

दुसरं कारण जुनं आहे. डिजिटल येण्याआधी तारेवरून अनेक संभाषणं शेजारी शेजारी पाठवत, तेव्हाही प्रत्येक आवाजाला ४ किलोहर्ट्झची पट्टी दिलेली असे. अशा बारा पट्ट्यांचा एक गट, ६० ते १०८ किलोहर्ट्झ. नव्या यंत्रणेला जुन्या यंत्रणेच्या मांडीला मांडी लावून बसायचं होतं. ४ ची दुप्पट ८.

मग ३४०० तरी कुठून आले? बोलणं समजण्यासाठी ३०० ते ३४०० हर्ट्झ पुरतात म्हणून. पण पुरतात म्हणजे पूर्ण मिळतं असं नाही. 'स'चा बराचसा जोर ३४०० च्या वर असतो. तक्रार नोंदवायच्या टेबलावर मी वर्षभर बसले आहे. नाव लिहून घेताना "स, सशातला का?" असं दिवसातून वीस वेळा विचारावं लागायचं. तेव्हा मला वाटे लोक नीट बोलत नाहीत. पुढे पीसीएमचं, म्हणजे आवाज आकड्यांत बदलून पाठवण्याच्या पद्धतीचं, प्रशिक्षण झालं तेव्हा कळलं की तो 'स' आम्हीच कापलेला होता.

आता पुढचा हिशोब. प्रत्येक नमुन्याला ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या. या पायऱ्या सारख्या अंतरावर ठेवल्या तर मोठ्यानं बोलणाऱ्याला चालतात, हळू बोलणाऱ्याचा आवाज मात्र दोन-चार पायऱ्यांतच अडकून खरखरतो. म्हणून शांत आवाजाच्या बाजूला पायऱ्या दाट आणि मोठ्या आवाजाच्या बाजूला विरळ ठेवल्या. भारतात आणि युरोपात यासाठी ए-लॉ वापरतात, अमेरिकेत आणि जपानमध्ये म्यू-लॉ. आठ हजार गुणिले आठ, ६४ किलोबिट. दोन नमुन्यांमध्ये १२५ मायक्रोसेकंद मोकळे असतात, तेवढ्यात आणखी एकतीस खणांचे आठ-आठ बिट कोंबता येतात. ३२ गुणिले ६४, म्हणजे २०४८ किलोबिट. हा तुझ्या पुस्तकातला ई-वन. त्यातला शून्य क्रमांकाचा खण ताल धरण्यासाठी, सोळावा सिग्नलिंगसाठी (कॉल जोडण्या-तोडण्याच्या खुणांसाठी), उरलेले तीस बोलण्यासाठी.

हे मी कागदावर शिकले होते, पण पटलं ते केबलवर. दोन एक्स्चेंजमध्ये तीस संभाषणं न्यायला पूर्वी तांब्याच्या तीस जोड्या लागत. पीसीएम आलं आणि तेच काम दोन जोड्यांवर होऊ लागलं, एक जाणारी आणि एक येणारी. त्यासाठी जुन्या जोड्यांवरची लोडिंग कॉइल काढावी लागली, कारण ती आवाजापुरतं भलं करते आणि वरच्या फ्रिक्वेन्सी अडवते. साधारण दोन किलोमीटरच्या अंतरावर रिपीटर बसले. पावसाळ्यात कोपरीच्या बाजूच्या एका मॅनहोलमध्ये आमच्या जॉइंटात ओल शिरली होती. ॲनालॉग जोड्यांवरचे लोक खरखर होते म्हणून तक्रार करत होते, त्याच केबलमधल्या पीसीएमवर मात्र आवाज स्वच्छ. ॲम्प्लिफायर आलेला आवाज आणि आलेला गोंगाट दोन्ही मोठे करून पुढे देतो. रिपीटर तसं करत नाही. समोर आलेलं शून्य आहे की एक, एवढंच तो ठरवतो आणि नवीकोरी स्पंदनं पाठवतो. गोंगाट त्या मॅनहोलमध्येच थांबतो. मला विचारशील तर 'डिजिटल का?' या प्रश्नाचं हेच पहिलं उत्तर, बाकीचे फायदे त्याच्या मागून येतात. ओल वाढत गेली तशी दोन दिवसांनी पीसीएमही एकदम बंद पडलं, हेही सांगायला हवं. डिजिटल हळूहळू बिघडत नाही. ते चालतं, चालतं आणि कोसळतं.

प्रश्न : डेसिबल काही केल्या डोक्यात बसत नाही. वॉटमध्येच गणित केलं तर काय बिघडतं? (दुसरं वर्ष, कळवा)

काही बिघडत नाही, फक्त शून्यं मोजून थकशील. तुझ्या फोनमध्येच पाहू. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत सिमच्या स्थितीचं पान असतं, तिथे सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. समज उणे ९५ आहे. एक मिलिवॉट म्हणजे शून्य डीबीएम, त्याच्या खाली ९५ डेसिबल. वॉटमध्ये लिहायचं तर ०.०००००००००००००३१६ असं काहीतरी येईल. मी इथे शून्यं बरोबर लिहिली का, हे तू तपासून पाहा. चुकली आहेत, एक शून्य जास्त पडलं आहे आणि ते मी मुद्दाम पाडलं. खरं उत्तर एका पिकोवॉटचा साधारण तिसरा हिस्सा. डेसिबलमध्ये अशी चूक लपून राहत नाही.

दोनच गोष्टी लक्षात ठेव : १० डेसिबल म्हणजे दहापट, ३ डेसिबल म्हणजे जवळपास दुप्पट. बाकीचं त्यातून निघतं. ६ म्हणजे चौपट. ७ म्हणजे १० वजा ३, दहाचे निम्मे, पाचपट. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी सूत्र सांगण्याआधी वही घेऊन फिरायला पाठवते. तलावपाळीच्या काठावर, स्टेशनच्या फलाटावर, मग आपल्या इमारतीच्या लिफ्टमध्ये. एका मुलीला तलावपाळीवर उणे ८२ मिळाले आणि लिफ्टमध्ये उणे ११८. फरक ३६. तीस म्हणजे हजारपट, सहा म्हणजे चौपट, म्हणजे लिफ्टमध्ये चार हजारावा हिस्सा पोचत होता. तिनं हे तोंडी सांगितलं, कॅल्क्युलेटर काढला नाही. (अर्थात दोन्ही जागांचे टॉवर वेगळे असू शकतात. म्हणून पुढच्या खेपेला मी तिला लिफ्टच्या आत आणि दाराबाहेर असं मोजायला लावलं.)

पण एक खबरदारी घे, इथे चांगली चांगली मुलं फसतात. ४जी फोन जो आकडा दाखवतो तो बहुधा आरएसआरपी असतो, म्हणजे १५ किलोहर्ट्झच्या एका सबकॅरियरवरची ताकद. त्याची तुलना पूर्ण २० मेगाहर्ट्झच्या गोंगाटाशी करायची नाही. खोलीच्या तापमानाला दर हर्ट्झमागे उणे १७४ डीबीएम इतका उष्णतेचा गोंगाट असतोच, तो कुणालाही चुकवता येत नाही. १५ किलोहर्ट्झसाठी त्यात साधारण ४२ मिळव, उणे १३२ आले. फोनच्या स्वतःच्या सर्किटची भर आणखी सहा-सात डेसिबल. म्हणजे उणे ११८ ला लिफ्टमध्ये फोन अजून तग कसा धरतो, याचं उत्तर मिळालं. गोंगाटाच्या वर त्याला सात-आठ डेसिबल अजून शिल्लक आहेत.

प्रश्न : दहीहंडीच्या दिवशी टेंभी नाक्यावर फोनला सगळ्या दांड्या होत्या, तरी कॉल लागत नव्हता. थोड्या वेळानं मेसेज मात्र गेला. सिग्नल पूर्ण असून असं का? (चौथं वर्ष, ठाणे)

दांड्या फक्त टॉवर तुला किती ऐकू येतो हे सांगतात. टॉवरपाशी तुझ्यासाठी जागा आहे का, हे त्या सांगत नाहीत. हा प्रश्न सिग्नलचा नाही, गर्दीचा आहे, आणि त्याचा अभ्यास मोबाईलच्या कितीतरी आधी झाला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचे गणिती होते. त्यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या गर्दीवर पहिला निबंध लिहिला आणि १९१७ मध्ये ज्याला आपण एर्लांग-बी म्हणतो ते सूत्र दिलं. त्यांची अडचण अगदी व्यवहारी होती. किती लायनी टाकायच्या? कमी टाकल्या तर लोक चिडतात, जास्त टाकल्या तर तांब्याचा पैसा वाया.

एक लाइन पूर्ण तासभर गुंतलेली असली तर तो एक एर्लांग. गर्दीच्या तासाला तीन-तीन मिनिटांचे चाळीस कॉल आले तर १२० मिनिटं, म्हणजे २ एर्लांग. आता कुणालाही वाटेल की दोन एर्लांगला दोन लायनी पुरतील. सूत्रात घालून बघ, शंभरातले चाळीस कॉल परत जातात. चार लायनींना साडेनऊ, सहा लायनींना सव्वा टक्का. कारण लोक एकमेकांना विचारून रांगेनं फोन करत नाहीत. कधी पाच जण एकदम उचलतात, कधी कुणीच नाही.

याच सूत्रात आणखी एक गोष्ट आहे, तिच्यामुळे मी या विषयाच्या प्रेमात पडले. शंभरात एकच कॉल परत जावा असं ठरवलं, तर दहा लायनी साडेचार एर्लांगच्या आसपास भार घेतात आणि वीस लायनी बारा. लायनी दुप्पट, काम पावणेतीनपटीच्या जवळ. दहा-दहाचे दोन गट वेगळे ठेवण्यापेक्षा वीसचा एक गट केला की तेच तांबं जास्त लोकांच्या उपयोगी पडतं. नोकरीत एकदा आम्ही दोन दिशांचे जंक्शन गट, म्हणजे एक्स्चेंज जोडणाऱ्या लायनींचे गट, एकत्र केले. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी रीडिंग घ्यायला मी मुद्दाम थांबले होते. आदल्या वर्षी त्याच तासाला तक्रारींचा ढीग होता, त्या दिवशी ट्रॅफिकचा तक्ता शांत होता. एकही नवी तार टाकली नव्हती.

दहीहंडीला मात्र एर्लांगची गृहीतकंच मोडतात. कॉल लागला नाही की माणूस गप्प निघून जातो असं ते सूत्र धरतं, आणि टेंभी नाक्यावरचा माणूस लगेच पुन्हा डायल करतो. हजारो फोन टॉवरकडे एकदम 'मला जागा द्या' म्हणून हाका मारतात आणि त्या हाकाच एकमेकींवर आदळतात. म्हणून तिथे पाच-पाच सेकंदांनी पुन्हा लावू नकोस, त्यानं तुझं आणि शेजारच्याचं दोघांचंही नुकसान होतं. मेसेज गेला, कारण मेसेज थांबू शकतो. मध्ये कुठेतरी साठवला जातो, जागा झाली की पुढे सरकतो. बोलण्याला ती मुभा नाही.

प्रश्न : मी डोंबिवलीहून लोकलनं ठाण्याला येतो. लांब पल्ल्याच्या गाडीनं जाताना पारसिकच्या बोगद्यात कॉल तुटतो हे समजू शकतो. पण ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरी ७०० पेक्षा लवकर 'मरतात' असं क्लासमध्ये सांगितलं. हवा त्यांना खाते का? (तिसरं वर्ष)

बोगदा १९१६ चा, डोंगर तर त्याहून किती जुना. दोघांनाही तुझ्या फोनची कल्पना नव्हती. आत सिग्नल हवा असेल तर तो वेगळा न्यावा लागतो, मेट्रोच्या भुयारांत जागोजागी फट ठेवलेली केबल लावतात तसा.

तुझा खरा प्रश्न दुसरा आहे आणि तो फार जणांचा चुकतो. या फ्रिक्वेन्सींना हवा जवळपास काहीच खात नाही. मोकळ्या जागेतल्या घटीच्या सूत्रात फ्रिक्वेन्सी दिसते, म्हणून मुलांना वाटतं की वाटेत काहीतरी हरवतं. ७०० आणि ३५०० मध्ये पाचपट फरक, सूत्रानं १४ डेसिबल जास्त घट. पण ही घट वाटेत होत नाही, अँटेनाशी होते. ७०० मेगाहर्ट्झची लहर ४३ सेंटीमीटरची, ३५०० ची साडेआठ सेंटीमीटरची. त्या प्रमाणात अँटेनाही लहान होते. अंगणात पाऊस तोच पडतोय, तू परातीऐवजी वाटी ठेवली आहेस. लांबीला पाचपट लहान, क्षेत्रफळाला पंचवीसपट, आणि पंचवीसपट म्हणजेच १४ डेसिबल. म्हणून ५जीच्या टॉवरवर एका फळीत अशा चौसष्ट वाट्या शेजारी शेजारी मांडतात. लहर लहान असल्यामुळेच त्या तिथे मावतात.

भिंती आणि डोंगर ही मात्र खरी अडचण. लांब लहर कडेवरून जास्त वळते, विटांतून जास्त पार होते. डोंगराला खेटून असलेल्या वस्तीत ७०० आणि ८०० पोचतात आणि ३५०० कमी पडतं ते त्यामुळे. लहान लहरींचं काम आपल्याकडे नवं नाही. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ मध्ये कोलकात्यात मिलिमीटरच्या लहरींवर प्रयोग दाखवले होते, तेही स्वतः बनवलेल्या उपकरणांनी. २०२२ च्या लिलावात आलेला २६ गिगाहर्ट्झचा पट्टा त्याच घराण्यातला.

प्रश्न : वेग वाढवायचा तर पॉवर वाढवावी की बँडविड्थ (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याची रुंदी)? (वाशी)

बँडविड्थ आणि सिग्नल-गोंगाटाचं गुणोत्तर यांवरून वेगाची कमाल मर्यादा सांगणाऱ्या शॅननच्या १९४८ च्या सूत्रात आकडे घाल, भांडण मिटेल. २० मेगाहर्ट्झ आणि सिग्नल गोंगाटाच्या शंभरपट असेल तर मर्यादा १३३ मेगाबिट. पॉवर दहापट कर, १९९ होते. त्याऐवजी पॉवर तेवढीच ठेवून बँडविड्थ ४० कर. गोंगाटही दुप्पट येतो, गुणोत्तर शंभरवरून पन्नासवर घसरतं, तरी २२७ मिळतात. स्पेक्ट्रमसाठी कंपन्या एवढे पैसे का मोजतात, हे या तीन आकड्यांत आहे. गोंगाट सिग्नलपेक्षा मोठा असतो तिथे मात्र निकाल उलटा लागतो, तिथे पॉवरच कामी येते. ते गणित तू कर आणि मला पाठव.

प्रश्न : एक्स्चेंजमध्ये उणे ४८ व्होल्ट का? उणे कशासाठी? (पहिलं वर्ष, बेलापूर)

दोन व्होल्टचे शिशाचे चोवीस सेल एकापुढे एक, म्हणून ४८. माणसाला फारसा धोका नाही आणि लांबच्या ग्राहकापर्यंत करंट पोचतो, अशा बेतानं ठरलेला आकडा. उणे यासाठी की धन टोक जमिनीला जोडलेलं असतं. ओल्या जमिनीत तांब्याची तार जमिनीपेक्षा धन असेल तर तांबं झिजून जमिनीत जातं, ऋण असेल तर टिकतं. आमच्या बॅटरी रूममध्ये दर सोमवारी हायड्रोमीटरनं चोवीसही सेल तपासायचे, नोंद लाल वहीत करायची. तेराव्या सेलचं ॲसिड नेहमी थोडं खाली असायचं.